वाड्यावर बोलावणारा आणि हसणारे आपण

दरवर्षी १३ जुलै, मराठी पडद्यावरचे खलनायक निळू फुले ह्यांचा स्मृतिदिन, आला की त्यांची आठवण निघते आणि आठवण निघाली की भांडणही निघतंच. यंदा आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुरुवात भाचीने केली. कुणीतरी श्रद्धांजलीचा फोटो टाकला होता, हिने त्याखाली स्टिकर चिकटवला, टोपी, बारीक केलेले डोळे आणि खाली त्यांच्या पाटलाच्या तोंडचं म्हणून फिरणारं "बाई, वाड्यावर या". झालं. एका काकांनी तिला झापलं, की अगं तो माणूस कोण होता माहितीये का तुला, राष्ट्र सेवा दलासारख्या समाजवादी संघटनेतला, आयुष्यभर चळवळीत राहिलेला, साधा, सज्जन, आणि तुम्ही पोरांनी त्याचा पार जोकर करून टाकलात. भाची म्हणाली चिल काका, प्रेमानेच टाकलंय, आमच्या वयाच्यांना तर ते ह्या डायलॉगमुळेच माहीत आहेत. त्यावर एका वहिनीने लिहिलं की मुळात ते पिक्चरच बायकांवर हात टाकण्याचे होते, मग त्यात अॅक्टिंग कितीही भारी असू दे, त्याचं कौतुक कसलं करताय. पुढे दोन दिवस हेच. शेवटी कुणीतरी आंब्याच्या वड्यांची रेसिपी टाकली तेव्हा थांबलं.

मला विचाराल तर तिघंही तावातावाने भलत्याच गोष्टीवर भांडत होते. माझं म्हणणं सरळ आहे. निळू फुल्यांचा खलनायक हा काही त्यांच्या चांगुलपणाने पुसून काढायचा डाग नव्हे, तेच त्यांचं मुख्य काम, आणि मी तर म्हणेन की सेवा दलात केलेल्या कुठल्याही कामाइतकंच ते राजकीय काम होतं. आणि त्या स्टिकरने कुणाचा अपमान होत असेलच तर निळूभाऊंचा होत नाही. कुणाचा होतो त्याकडे येतोच.

आधी काकांचं घेऊ, कारण तथ्य म्हणून त्यांचं सगळं खरं आहे. निळकंठ कृष्णाजी फुले हा माणूस पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळीकाम करायचा, महिना ८० रुपये पगार आणि त्यातले १० सेवा दलाला. पुढे नाव झाल्यावरसुद्धा चळवळ सुटली नाही, नट डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर सामाजिक कृतज्ञता निधी उभा करताना "लग्नाची बेडी"चे प्रयोग गावोगाव केले, कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावर तर ते घरच्यासारखे असायचे. सगळं कबूल. पण काका, ह्यातून सिद्ध काय होतं? समजा उद्या कळलं की निळू फुले खाजगीत अतिशय खडूस, कंजूष माणूस होते, तर "सामना"मधला हिंदुराव धोंडे पाटील एका इंचाने तरी लहान होईल का? नटाचा बचाव त्याच्या सज्जनपणावर उभा केला की आपण नकळत असं कबूल करून बसतो की त्याचं काम बचाव करण्यासारखं नव्हतंच, म्हणून साक्षीदार घरून आणावे लागले.

काशिनाथ घाणेकरांच्या बाबतीत आपण नेमकं उलट केलं ना. "रायगडाला जेव्हा जाग येते"चा संभाजी, "अश्रूंची झाली फुले"चा लाल्या, नाट्यगृहात शिट्ट्या आणि टाळ्या म्हणजे काय ते ह्या दंतवैद्याने मराठी रंगभूमीला दाखवलं. आज घाणेकरांचा विषय काढा, दुसऱ्या वाक्याला दारू येते, तिसऱ्याला प्रेमप्रकरण, आणि लाल्या नेमका कसा उभा राहायचा, वाक्य कुठे तोडायचा हे सांगणारा हजारात एखादाच. तिथे आयुष्याने काम गिळलं, इथे काका आयुष्याची पांढरीशुभ्र चादर कामावर अंथरतायत. दोन्हीकडे काम झाकलंच गेलं की.

मात्र एका अर्थाने सेवा दलाचा मुद्दा लागू होतो, फक्त काका म्हणतात त्या अर्थाने नाही. निळू फुले अॅक्टिंग कुठे शिकले? सेवा दलाच्या कलापथकात. १९५७ च्या निवडणुकीच्या वेळी त्यांनी "येरा गबाळ्याचे काम नोहे" हे लोकनाट्य लिहिलं, मग पुलंच्या "पुढारी पाहिजे"मधला रोंगे केला, मग "कथा अकलेच्या कांद्याची" ह्या वगाने नाव गावोगाव पोचलं. नावं बघा नुसती. पुढारी, निवडणूक, सत्ता. म्हणजे हा माणूस अभिनय शिकला तोच मुळी पुढाऱ्यांची टिंगल करत, आणि टिंगल करायची तर आधी त्यांना बारकाईने बघावं लागतं, ते खुर्चीत बसतात कसे, समोरच्याला उभं किती वेळ ठेवतात, हसतात कधी, नाव विसरल्यासारखं कधी करतात. हे बघण्याचं काम ज्याने दहा-बारा वर्षं गावोगावच्या फडात केलं तो १९६८ साली "एक गाव बारा भानगडी"मध्ये झेले अण्णा होऊन पडद्यावर आला तेव्हा लोकांना तो नट वाटलाच नाही. आपल्याच गावातला वाटला.

आणि काळ कुठला होता तो? १९६० ला महाराष्ट्र झाला, १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, सहकारी साखर कारखाने १९५० पासून प्रवरानगरहून जे निघाले ते ऊस जाईल तिथे पसरत गेले. गावात पहिल्यांदा मोठा पैसा आला, कर्ज कुणाला द्यायचं आणि ऊस कुणाचा आधी तोडायचा हे ठरवणारी माणसं आली. ह्यातलं कितीतरी चांगलं झालं, शाळा झाल्या, रस्ते झाले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याबरोबर एक नवा सत्ताधीशही जन्माला आला, जुन्या जहागीरदारासारखा हातात चाबूक घेऊन फिरणारा नव्हे, पांढरे कपडे घालून नमस्कार करणारा. ह्याचं चित्र आधी कुणी काढलेलंच नव्हतं. आपल्याकडे खलनायक म्हणजे मिशीला पीळ देणारा, गडगडाटी हसणारा, बघताक्षणी कळावा असा. निळू फुल्यांनी तो आवाज खाली आणला. घशातून येणारा, अर्धा गिळलेला आवाज, समोरच्याकडे सरळ न बघता कडेने बघणं, आणि सगळ्यात भीतीदायक म्हणजे घाई नसणं. ज्याच्याकडे खरी सत्ता असते त्याला ओरडायची गरज कधी पडते? तलाठी त्याचा, फौजदार त्याच्या घरी चहाला, मग तो ओरडेल कशाला.

"सामना" (१९७५) तर ह्या एकाच गोष्टीवर उभा आहे. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, बर्लिन महोत्सवात गेलेला सिनेमा. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव आणि दारूत बुडालेला एक म्हातारा गांधीवादी मास्तर, जो विचारत सुटतो, मारुती कांबळेचं काय झालं? बस. एवढाच सामना. आता हिंदुराव कसा आहे बघा, तो मास्तरला उचलून घरी आणतो, पाहुणचार करतो, त्याला माणसाची किंमत कळते, त्याने भाग पुढे आणलाय आणि त्याचा त्याला अभिमान आहे. लागूंचा मास्तर आणि फुल्यांचा हिंदुराव समोरासमोर बसतात तेव्हा आपल्याला अधूनमधून हिंदुरावच आवडायला लागतो, आणि ते आवडणं किती धोक्याचं आहे हे तो नटच आपल्याला दाखवून देतो. हे नुसतं वाईट दिसून जमत नाही. आतून त्या माणसाची बाजू घेऊन उभं राहावं लागतं. समाजवादी कार्यकर्त्याने साखरसम्राटाची बाजू शंभर टक्के मनापासून मांडायची, ह्याहून जास्त राजकीय काम काय असतं मला सांगा. शंभर भाषणांत "ग्रामीण सत्तेचं केंद्रीकरण" म्हणून जे कळत नाही ते हिंदुरावच्या एका पॉजमध्ये कळतं.

आता वहिनींचा मुद्दा, जो तिघांत सगळ्यात जड आहे आणि ज्याला उत्तर देताना मला स्वतःला चाचपडायला होतं. त्या म्हणतात, "सामना" एक, पण त्याच्या आजूबाजूला कितीतरी असे पिक्चर, ज्यांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत, ज्यात निळू फुले म्हणजे सरपंच किंवा पाटील, समोर एकटी बाई, पदराला हात, किंकाळी, कट. आणि कॅमेरा त्या पाटलाचा गुन्हा बघत नसायचा, तो बाईचा पदर बघत असायचा, त्यासाठीच तिकिटं खपायची. खरंय. शंभराच्या वर सिनेमे केलेल्या माणसाकडे शंभर हिंदुराव कुठून येणार? तमाशापटांच्या त्या लाटेत निर्मात्याला एक साचा मिळाला आणि त्याने तो झिजेपर्यंत वापरला, आणि नटानेही तो वापरू दिला. पोटासाठी दिला असेल. पण दिला. ह्यात निळूभाऊंना पूर्ण मोकळं सोडावं असं मलाही वाटत नाही, आणि चाहते ह्या ठिकाणी जे पटकन "अहो तो काळच तसा होता" म्हणून पुढे जातात ते मला पटत नाही, कारण काळ तसा होता हे तर निळू फुल्यांनाच सगळ्यात चांगलं माहीत होतं.

तरीपण. एक किस्सा नेहमी सांगितला जातो, की खेड्यापाड्यातल्या बाया त्यांना प्रत्यक्षात बघितलं की तोंडावर शिव्या घालायच्या, बोटं मोडायच्या, आणि ते त्यालाच आपली पावती समजायचे. ह्या किश्श्याकडे आपण नटाच्या बाजूनेच बघतो, वा काय जिवंत अभिनय वगैरे. जरा त्या बायांच्या बाजूने बघू. त्या शिव्या कुणाला घालत होत्या? पुण्याच्या एका नटाशी त्यांचं काय वैर असणार? त्या बाईला गावात ज्याला शिवी घालता येत नव्हती, ज्याच्या शेतावर तिचा नवरा राबत होता, ज्याच्या दारावरून जाताना ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेत होती, त्याचं तोंड तिला पहिल्यांदा पडद्यावर मोठं दिसलं आणि शिवी घालायची सोय झाली. सिनेमा सुमार असेल, कॅमेरा लाळघोटा असेल, पण मधोमध उभा असलेला माणूस त्या दृश्याची मजा घेऊ देत नव्हता. त्याने तो पाटील देखणा केला नाही, रंगेल-रसिक केला नाही. किळसवाणा केला आणि ओळखू येईल असा केला. थिएटरात पुढच्या रांगेतले शिट्ट्या मारतही असतील, मागे बायकांच्या बाजूला बोटं मोडली जात होती, आणि एकाच दृश्याने दोन्ही होत असेल तर नटाचं माप मी दुसऱ्या आवाजावरून घेईन.

शिवाय साचा मोडायची संधी मिळाली तेव्हा त्यांनी काय केलं हे पण बघायला हवं ना. १९७२ ला तेंडुलकरांचं "सखाराम बाईंडर" कमलाकर सारंगांनी बसवलं, त्यात सखाराम निळू फुल्यांचा आणि चंपा लालन सारंगांची. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा, आणल्या आणल्या घराचे नियम सांगणारा, लग्नावर थुंकणारा पण बाईला हक्काची वस्तू समजणारा हा सखाराम. सेन्सॉरशी झगडा, बंदी, कोर्टकचेरी, सगळं झालं, आणि संस्कृती बुडाल्याची बोंब मारणाऱ्यांना नेमकं झोंबलं काय असेल? मला वाटतं हे, की सखाराम जे उघड बोलतो तेच इभ्रतदार घरात न बोलता चालायचं. म्हणजे सिनेमातला पाटील बाईला अंधारात ओढतो आणि नाटकातला सखाराम भर उजेडात अटी सांगतो, आणि दोन्ही एकाच माणसाने केले. हा योगायोग म्हणून सोडून द्यायचा? आणि मग "सिंहासन" (१९७९), जिथे तोच माणूस उलट्या बाजूला, दिगू टिपणीस नावाचा पत्रकार, सगळं बघणारा, सगळं कळणारा आणि काहीच करता न येणारा. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री लागू, अख्खं मंत्रिमंडळ कुरघोड्या करतंय आणि ह्याच्या चेहऱ्यावर थकवा साचत जातो, शेवटी डोकं फिरेपर्यंत. ज्याने आयुष्यभर सत्ता वठवली त्यालाच सत्तेचा साक्षीदार करणं ही निवड केवढी हुशारीची होती. पुढे हिंदीत "सारांश"मध्ये (१९८४) परत मुंबईचा पुढारी गजानन चित्रे, आणि समोर परत एक म्हातारा शिक्षकच. वाडा गेला, चाळी-फ्लॅट आले, माणूस तोच.

राहिली भाची. तिचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात, पण त्यात दम आहे. मीममुळे तरी नाव जिवंत आहे की नाही? बाबूराव पेंढारकर, केशवराव दाते, नानासाहेब फाटक, आज पंचविशीतल्या किती जणांना चेहऱ्याने ओळखता येतील? शून्य धरा. निळू फुल्यांचा चेहरा मात्र शाळकरी पोरांनाही माहीत. आणि एखादा तुकडा मूळ कलाकृतीतून सुटून लोकांच्या तोंडी बसणं ही काय आजची गोष्ट आहे? राम गणेश गडकऱ्यांनी "एकच प्याला" लिहिलं दारूने संसार कसा धुळीला मिळतो ते सांगायला, गडकरी १९१९ साली गेले आणि नाटक त्यांच्या माघारी रंगभूमीवर आलं, बालगंधर्वांची सिंधू ठिगळाचं लुगडं नेसून जात्यावर बसली आणि महाराष्ट्र रडला. आणि शंभर वर्षांनी लक्षात काय राहिलं? त्यातला दारुडा तळीराम आणि त्याचं आर्य मदिरा मंडळ. पिणाऱ्यांच्या बैठकीत तळीरामाची वाक्यं फेकली जातात, दारूविरोधी नाटकातली! दुसरं उदाहरण गब्बरचं. "शोले" आणि "सामना" एकाच वर्षातले. ज्या गब्बरच्या नावाने आया पोरांना झोपवत होत्या त्याच गब्बरने पुढे जाहिरातीत बिस्किटं विकली. मग आमच्या निळूभाऊंचा एक स्टिकर झाला तर एवढं काय बिघडलं?

मी ह्यावर बराच विचार केला, आणि मला वाटतं फरक हसणारा कुठे उभा आहे त्यात आहे. तळीरामाचं वाक्य फेकणारा स्वतः हातात ग्लास धरून असतो, तो स्वतःवर हसतो. गब्बर चंबळसारख्या कुठल्यातरी खडकाळ मुलखातला, आपल्या रोजच्या जगण्यात तो कुणालाच भेटत नाही, त्याने बिस्किटं विकली काय आणि साबण विकला काय. पण "वाड्यावर या" म्हणून ऑफिसात कुणी मुलगी फाइल घेऊन आल्यावर मागून खसखस पिकते ना, तेव्हा तिथे वाडाही असतो, पाटीलही असतो आणि बाईही असते. फक्त आता पाटलाचं वाक्य बोलणाऱ्याला पाटील म्हणायची सोय राहिलेली नसते, कारण तो म्हणणार अगं निळू फुले, मीम आहे, जोक आहे. कोणत्या सिनेमातलं आहे विचारा, सांगता येत नाही. त्याला सिनेमा नकोच असतो, आवाज पण नको असतो, फक्त आमंत्रण हवं असतं. म्हणून म्हटलं, अपमान निळूभाऊंचा होत नाही. त्या वाक्यात जिला बोलावलंय तिचा होतो, आणि ती तर त्या स्टिकरमध्ये कुठे दिसतच नाही.

हे वाक्य काही सिनेमावाल्यांनी शोधलेलं नाही. विराटाच्या घरी सैरंध्री म्हणून राहिलेल्या द्रौपदीला राणी सुदेष्णा मद्य आणायच्या निमित्ताने कुठे पाठवते? आपल्या भावाच्या, कीचकाच्या महालात. म्हणजे वाड्यावरच की. ती नको नको म्हणते तरी जावं लागतं, पुढे भर दरबारात तिला लाथ बसते, राजा गप्प, आणि कंक बनून बसलेला धर्मराजही गप्पच. १९०७ मध्ये खाडिलकरांनी ह्याच प्रसंगावर "कीचकवध" लिहिलं आणि महाराष्ट्रातल्या साध्यासुध्या प्रेक्षकाला कुणीही न समजावता कळलं की कीचक म्हणजे व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे आपला देश, सोसून घ्या म्हणणारे म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. इंग्रजालाही कळलं, १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. विचार करा, खलनायकाची भूमिका इतकी नेमकी होती की सरकार घाबरलं. त्या प्रेक्षकांनी कीचकाची नक्कल करून खिदळल्याचं मी तरी कधी ऐकलेलं नाही, कारण त्यांना माहीत होतं आपण त्या दरबारात कुठे बसलोय. साठ-सत्तर वर्षांनी निळू फुल्यांनी तोच कीचक धोतर-टोपीत उभा केला, ह्या वेळी साहेबाचा नव्हता तर आपल्यातला होता, आपण मत देऊन निवडलेला. तेव्हा बंदी घालायची गरज कुणालाच पडली नाही, आपणच त्याला विनोदी करून टाकला, काम झालं.

काकांना हे सांगितलं तर म्हणाले म्हणजे शेवटी माझंच बरोबर ना, स्टिकर नको. म्हटलं काका, तुमचं स्टिकर नको हे बरोबर, कारण चूक. वहिनी म्हणाल्या सखाराम बाईंडर वाचेन, सिनेमे मात्र बघणार नाही, आणि मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

भाचीला गेल्या रविवारी "सामना" बघायला बसवलं. पहिला अर्धा तास ती फोन बघत होती, मधेच एकदा म्हणाली, "मामा, किती स्लो आहे." मग हिंदुराव आणि मास्तर बोलत बसतात तो भाग आला तेव्हा फोन मांडीवर पालथा पडला होता एवढं मी पाहिलं. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "हा ओरडत का नाही? ओरडला असता तर बरं वाटलं असतं."

स्टिकर तिने डिलीट केलाय की नाही ते मी विचारलेलं नाही.